हंडा मोडीत घालण्याआधी

परभणी जिल्ह्यातून एका सुनेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते:

“ताई, आमचं गावातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलंय. माळ्यावरून आजेसासूबाईंच्या वेळची तांब्याची भांडी खाली काढली. एक मोठा हंडा, पाणी तापवायचा बंब, आतून कल्हई केलेलं भगुणं, दोन तांबे आणि देवातलं ताम्हण, पळी, पंचपात्र. पंधरा-सोळा वर्षं त्यांना कुणी हात लावलेला नाही. हंडा काळा ठिक्कर पडलाय, भगुण्याच्या आत हिरवं धरलंय. घरचे म्हणतात मोडीत घाला, वजनावर चांगले पैसे येतील. शेजारच्या वहिनी म्हणतात संडासाचं ॲसिड लाव, मिनिटात निघेल. मोबाइलवर बघितलं तर कुणी टोमॅटो सॉस लावतंय, कुणी सोडा आणि लिंबू. महालक्ष्म्या दीड महिन्यावर आल्यात, आणि माझ्या मनात यंदाचा स्वयंपाक त्या भगुण्यात करायचं आहे. हंड्याच्या गळ्याशी काही अक्षरं आहेत, ती काही केल्या लागत नाहीत. काय करू?”

ताई, सगळ्यात आधी ते ॲसिड परत नेऊन द्या. संडास धुवायच्या ॲसिडने काळं निघतं, हे खरं. पण ते नुसतं काळं काढून थांबत नाही. हंड्याच्या सांध्यात, ठोक्यांच्या खळग्यांत ते शिरून बसतं, कितीही धुतलं तरी पुरतं निघत नाही, आणि आठ दिवसांत तिथूनच फिकट हिरवी भुकटी वर येऊ लागते. त्याची वाफ नाकातोंडात जाते ती वेगळीच. त्यात कुणी ‘अजून स्वच्छ निघेल’ म्हणून कपड्यांचं ब्लीच मिसळलं, तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद मोरीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. वहिनींनाही हे सांगा.

आता हंडा काळा का पडला ते समजून घ्या, म्हणजे निम्मी काळजी मिटेल. तांब्याला हवा लागली की त्यावर आधी तांबूस-तपकिरी आणि मग काळा थर चढतो. चुलीच्या घरात त्यावर धूर, तेलाचा चिकटा आणि धूळ यांचं पुट बसतं. दमट हवेत तांब्यावर हिरवं धरतं, त्याला आपल्याकडं जंगाल म्हणतात. लोखंडाचा गंज लोखंड खात आत शिरतो. तांब्यावरचा हा काळा-तपकिरी थर मात्र खालच्या तांब्याला झाकून धरतो. शेकडो वर्षं मातीत पडून राहिलेले ताम्रपट आज वाचता येतात, यातच काय ते आलं. तेव्हा बाहेरून काळा पडलेला हंडा बिघडलेला नसतो. त्याला चमकवायचं की नाही, हा तुमच्या हौसेचा प्रश्न आहे. काळजी करायची ती भांड्याच्या आतल्या बाजूची. तुमच्या पत्रात मला हंड्याच्या काळेपणापेक्षा भगुण्याच्या आतल्या हिरव्याची जास्त धास्ती वाटली.

म्हणून सगळी भांडी एका रांगेत मांडून एकदम घासायला बसू नका. प्रत्येक भांडं उन्हात घ्या, आत डोकावून बघा आणि त्याचं काम काय ते ठरवा. सोबत एक लोहचुंबक ठेवा. चिकटला तर ते तांबं नाही, लोखंडावर दिलेला मुलामा आहे, त्याला फार घासलं तर मुलामाच जाईल. आणखी एक. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अशाच पसाऱ्यात कधीकधी बिदरीची एखादी डबी किंवा फुलदाणी सापडते, काळ्या अंगावर चांदीची नक्षी असलेली. ती मुळात जस्ताची असते आणि तिचा काळा रंग कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. तिला चिंच लावाल तर कारागिराची मेहनत धुऊन जाईल. ती कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस्स.

सुरुवात एखाद्या तांब्यापासून करा. लहान भांड्यावर हात बसला की हंडा सोपा जातो.

पहिल्यांदा चिकटा काढायचा. हीच पायरी सगळेजण गाळतात आणि मग चिंच लागत नाही म्हणून कुरकुरतात. तेलकट पुटाखाली चिंचेचं आंबट पोचतच नाही. चाळलेली बारीक राख ओल्या फडक्यावर घेऊन तांब्या सगळीकडून चोळा. राख नसेल तर भांड्याचा साबण आणि कढत पाणी. राखेने किंवा साबणाने काळं निघणार नाही, फक्त अंगावरचा बुळबुळीतपणा जाईल. पाणी ओतल्यावर ते थेंबाथेंबाने न तुटता सगळ्या अंगावर सारखं पसरलं, की समजायचं चिकटा गेला. मग राख स्वच्छ धुवून टाका. राख आणि सोडा हे अल्क (खाऱ्या) जातीचे, चिंच आणि लिंबू आंबट जातीचे. एकत्र आले की ते एकमेकांचा जोर मारतात. सोडा-लिंबाचा जो फेस मोबाइलवर दिसतो, तो दिसायला छान असतो, पण त्या फेसात दोघांचीही ताकद गेलेली असते. आधी एक, धुवून मग दुसरं, असं चालावं.

मग चिंच. मूठभर जुनी चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या, चांगली कोळा, आणि चोथा टाकू नका. तो चोथाच आपली घासणी आहे. कोळात चमचाभर बारीक मीठ घाला. जाडं मीठ नको, त्याचे ओरखडे उठतात. चोथा बोटांत धरून तांब्याच्या पोटावर अंगठ्याने गोल फिरवा. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत काही होत नाही, फक्त कोळ गढूळ होतो. मग अंगठ्याखाली रुपयाएवढा एक ठिपका एकदम उजळतो, पिकलेल्या रामफळाच्या सालीसारखा लालसर. त्याच्या कडेने काळं मागं सरकत जाताना दिसतं. चिंचेतलं आंबट आणि मीठ मिळून तो काळा थर विरघळवतात. खाली मूळ तांबं उघडं पडतं. एका जागी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त कोळ ठेवू नका. धुवा, बघा, राहिलं असेल तर पुन्हा लावा. तीनदा थोडं थोडं लावावं, पण एकदा लावून विसरू नये.

हे मी अनुभवाने सांगते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी देवाच्या तांब्याला चिंच लावली आणि सकाळी घासू म्हणून तसाच मोरीत ठेवला. सकाळी त्याचं अंग खरबरीत आणि गुलाबी झालं होतं, चिंच वाळली होती तिथं चट्टे उठले होते आणि काठाला हिरवी रेघ धरली होती. आंबट आणि हवा दोन्ही मिळाल्यावर रात्रभरात मूळ तांबंही खाल्लं जातं, हे मला तेव्हा कळलं. ते चट्टे आजही त्या तांब्यावर हाताला लागतात.

उजळून झालं की पाणी हात राखून वापरू नका. आपल्याकडं पाण्याची मारामार असते हे मला ठाऊक आहे. लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. पण इथं तीन पाण्यांनी धुणं गरजेचं आहे. मिठाचा अंश राहिला की त्याच जागी पुन्हा हिरवे ठिपके येतात, आणि मग लोक म्हणतात चिंच बाधली. खरं तर तो राहिलेल्या मिठाचा प्रताप असतो. पहिलं पाणी साधं, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा म्हणजे उरलासुरला आंबटपणा मरेल, तिसरं पुन्हा साधं. लगेच जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ फडक्याने कोरडं करा आणि अर्धा तास उन्हात पालथं घाला. बोअरचं पाणी अंगावरच वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे टिपके राहतात आणि तिथून डाग पडायला लागतात.

चिंच नसेल तर पिळलेल्या लिंबाची साल आणि मीठ, नाहीतर आंबट ताक. तुम्ही पाहिलेला टोमॅटो सॉस काम करतो तो त्यातल्या आंबटामुळेच. चिंच दारात असताना त्यावर पैसे कशाला घालायचे? पितांबरीसारखी पूडही चालते, पण बाहेरच्या बाजूला, आणि ओली करून. विटकरीचा भुगा, वाळू आणि तारेची घासणी मात्र एकदम वर्ज्य. तुमचा हंडा आजेसासूबाईंच्या वेळचा, म्हणजे बहुधा तांबटाने हाताने ठोकलेला असणार. उन्हात तिरपा धरून बघा. अंगावर एका ओळीत बारीक ठोके दिसले तर तो मठारलेला आहे. त्या ठोक्यांनी नुसती नक्षी होत नाही, मऊ तांबं त्याने कडक होतं, म्हणून भरलेला हंडा डोक्यावर घेतला तरी पोट आत जात नाही. कुठं पिवळसर नागमोडी रेघ दिसली तर घाबरू नका, ती चीर नाही. पत्र्याचे दोन काठ दातांत दात घालून जोडलेला तो सांधा आहे. तारेने घासून हे सगळं झिजवायचं नसतं.

हंड्याच्या बाहेरचा काळा थर जाड असेल तर चिंचेने हात भरून येतील. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे घाला, त्यात फडकं भिजवून हंड्याच्या पोटाला पाच-दहा मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग चिंचेच्या चोथ्याने पुसा. हंड्याच्या आत तळाशी पांढरट खडबडीत थर असेल तर तो आपल्या कठीण पाण्याचा क्षार आहे. तोही याच पाण्याने बारीक बुडबुडे येत सुटतो. खरवडायला विळा-सुरी घेऊ नका.

असा आतून उजळलेला हंडा पिण्याच्या साध्या पाण्याला उत्तम. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्या आज्या सांगत होत्या त्यात तथ्य आहे. पण त्या गोष्टीला उगाच फुगवू नये. गढूळ पाणी तांब्यामुळे गाळलं जात नाही, आणि बोअरमधले क्षार किंवा फ्लोराइड तांब्यात ठेवून कमी होत नाही. संध्याकाळी भरावं, सकाळी प्यावं, दुपारपर्यंत संपवून हंडा पालथा घालावा. पाण्यात तांबं किती उतरलेलं चालतं याचीही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना लिटरला २ मिलिग्रॅम म्हणते, आपलं भारतीय मानक त्याहून कडक आहे. साधं पाणी रात्रभर ठेवलं तर सहसा संघटनेच्या मर्यादेपर्यंत जात नाही. पण त्याच हंड्यात कुणी लिंबू पिळलं, तर गणित बदलतं. हल्ली तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी घेऊन फिरतात, ते मला मुळीच पटत नाही. चव धातूसारखी लागली, पोटात मळमळलं, उलटी झाली, तर ते पाणी ओतून द्या आणि त्रास थांबत नसेल तर दवाखान्यात जाताना भांड्याची गोष्टही डॉक्टरांना सांगा.

आता भगुणं. इथं मी तुम्हाला घाई करू देणार नाही.

आतल्या हिरव्यावर कोरडी घासणी फिरवू नका. ती भुकटी उडते आणि नाकात जाते. हातात मोजे घाला, तोंडाला पदर किंवा रुमाल बांधा, आधी पाण्याने ओलं करा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या. ते फडकं जाळू नका, फेकून द्या. मग चिंचेचं पाणी फिरवून दोन वेळा धुवा. धुतलेलं हिरवट पाणी गोठ्यातल्या डोणीत किंवा शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाशी येईल असं ओतू नका. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं. तुळशीतही नको. लांब खड्डा करून ओता.

धुतल्यावर आत बघा. जिथं रुपेरी-करडा रंग आहे तिथं कल्हई, म्हणजे कथलाचा लेप, टिकून आहे. तो मळकट दिसला तरी चांगला असतो, त्याला चमकवायच्या भानगडीत पडू नका. जिथं लाल तांबं डोकावतंय तिथं कल्हई गेली, आणि हिरवं धरलं ते त्याच जागी. तुमच्या वर्णनावरून अर्धं तरी आत उघडं पडलेलं असणार. असं भगुणं कितीही लख्ख घासलं तरी स्वयंपाकाला चालत नाही. त्याला कल्हईच हवी.

आपल्याकडं ‘कळकणं’ असा एक शब्द आहे. ताक किंवा वरण तांब्या-पितळेत राहून बिघडलं, त्याला हिरवट कडू चव आली, की म्हणायचं कळकलं. एवढा नेमका शब्द भाषेत आहे, म्हणजे हा त्रास घराघरांत किती जुना असेल बघा. आंबट पदार्थ तांब्याला ओढून घेतो. म्हणून ताक, कढी, चिंचेची आमटी, पन्हं, लोणचं यांना उघड्या तांब्याचा स्पर्श नको. येळवशीला (वेळा अमावास्येला) शेतात अंबील नेतात ती मातीच्या मडक्यात, हेही याच शहाणपणातलं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातली अंबीलही तुम्ही स्टीलमध्येच करा, भगुण्याला नवी कल्हई झाली असली तरी.

दुधाचं तर मी हात जोडून सांगते. दूध आंबट नसतं, पण दुधातली प्रथिनं तांब्याला धरून ठेवतात. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्या देशात होता. १९८०च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी आजारी मुलांच्या घरची चौकशी केली, तेव्हा बाळांना तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं दूध दिलं जात होतं, असं आढळलं. ती भांडी मागे पडली तसा तो आजारही दुर्मीळ झाला. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं दूध आणि पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवूच नका. कुणी कितीही परंपरेचं नाव घेतलं तरी.

तर कल्हई. कल्हईवाला आता गल्लीत ओरडत येत नाही. परभणी, नांदेड, जालन्यासारख्या गावांत जुन्या पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात विचारा, दुकानदाराला माणूस माहीत असतो. सणाच्या तोंडावर त्याच्याकडं रांग लागते, म्हणून हे काम याच आठवड्यात करा. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या. भांडं भट्टीवर तापवतात, आत नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील सरसर फिरवतात. बघता बघता लाल पोट चांदीसारखं होतं. लहानपणी मी हे तासन्‌तास बघत बसायचे. तुम्ही बघाल तेव्हा मात्र वारा धूर नेतो त्या बाजूला उभं राहू नका, तो धूर घशाला झोंबतो.

कल्हईवाल्याला एक गोष्ट स्पष्ट विचारा, कथील शुद्ध आहे का, त्यात शिसं मिसळलंय का. एकदा मी स्वस्तात म्हणून एका फिरत्या माणसाकडून तीन पातेली करून घेतली. महिन्याभरात कल्हई करडी पडून बोटाला लागायला लागली. त्यात काय मिसळलं होतं कुणास ठाऊक, पण त्या पातेल्यांत मी पुन्हा शिजवलं नाही, दुसरीकडून नव्याने करून घेतली. शिसं पोटात जाणं फार वाईट, लहान मुलांना तर विशेष. कांडी हातात मागून घ्या. शुद्ध कथील वाकवलं की बारीक करकर असा आवाज येतो. शिसं असलेली कांडी कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते. एवढ्याने शंभर टक्के खात्री होत नाही, पण विचारणारं गिऱ्हाईक समोर बसलंय हे कळल्यावर माणूस हात जपून काम करतो. दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्या.

भट्टीत भगुणं बाहेरून पुन्हा काळं होणार. म्हणून आधी बाहेरून घासत बसू नका, कल्हई होऊन आल्यावर घासा. आतून मात्र आता चिंच, पूड, तारेची घासणी काहीच नको. पहिल्यांदा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, साधं पाणी उकळून ओतून द्या, मग वापरायला घ्या.

वापरताना एक आकडा लक्षात ठेवा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यात पाणी, वरण, पुरण काहीही असेल तर उष्णता शंभराच्या आसपास राहते, कल्हईला धक्का लागत नाही. पण रिकामं भगुणं गॅसवर ठेवून तुम्ही डबा शोधायला गेलात, तर परत येईपर्यंत कथलाचे मणी तळाशी जमलेले दिसतील. तळण आणि कडकडीत फोडणीही त्यात नको. फोडणी लोखंडी पळीत करून वरून घाला. ढवळायला लाकडी डाव घ्या. आच मंद ठेवा. तांबं स्टीलपेक्षा वीस पटीहून जास्त वेगाने उष्णता पसरवतं, म्हणून पुरणाची डाळ त्यात तळाला न लागता सारखी शिजते. पुरण करायला त्याच्यासारखं भांडं नाही, तुमची इच्छा अगदी योग्य आहे. शिजलं की मात्र दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर त्यात ठेवू नका. कटाच्या आमटीत चिंच पडते, ती स्टीलच्या पातेल्यात. कल्हई रोजच्या वापरात साधारण वर्षभर पुरते. तुम्ही सणावाराला काढणार असाल तर बरीच वर्षं जाईल. आत बोटाच्या पेरापेक्षा मोठा लाल डाग दिसला की पुन्हा कल्हई.

बंबाचं थोडक्यात. बाहेरची काजळी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने सुटते, मग हवं तर चिंच. मधल्या नळकांड्यातली राख ठोकून काढा, पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी सांध्यांना बोट लावून बघा, ओल नाही ना. पाणी न भरता विस्तव घालू नका, झाळलेले सांधे सुटतात. त्या जुन्या झाळकामात शिसं असू शकतं, म्हणून बंबातलं पाणी अंघोळीला. चहाला किंवा कणीक भिजवायला ते कधीच घेऊ नका.

देवातली भांडी सगळ्यात सोपी, चिंच आणि मीठ, पाच मिनिटांचं काम. पळीच्या टोकावरचा नागोबा आणि पंचपात्राचा काठ यांत जुन्या टूथब्रशने कोळ फिरवा. एवढं मात्र लक्षात असू द्या, पंचामृतात दही असतं, आणि ताम्हणात पडलेलं तेच आपण तीर्थ म्हणून घेतो. अभिषेक झाला की लगेच वाटीत काढा, आरती-नैवेद्य होईपर्यंत ताम्हणात राहू देऊ नका.

बाहेरची चमक मात्र सणाच्या आदल्या दोन दिवसांतच काढा. भाद्रपदातल्या दमट हवेत आठवड्याभरात ती मंदावते, आणि दर महिन्याला घासत बसलात तर तांबं झिजतं. प्रत्येक घासणीत थोडं तांबं जातंच. वर्षातून दोनदा लख्ख करा, एरवी कोरड्या फडक्याने पुसा आणि त्याचा तपकिरी रंग राहू द्या. मला तर तो रंगच आवडतो. ठेवताना पूर्ण कोरडं करून सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत दम कोंडतो आणि पुन्हा जंगाल धरतं. मिठाच्या बरणीशेजारी तर नकोच.

मोडीत घालायचं म्हणता, तर घरच्यांना भगुण्याचा काठ चिमटीत धरून बघायला सांगा. बाजारात आज मिळणारा बहुतेक माल पातळ पत्र्याचा असतो. मोडवाला तुम्हाला फक्त धातूच्या वजनाचे पैसे देतो, घडणीचे देत नाही. तेवढ्या पैशांत असा जाड, हाताने ठोकलेला हंडा परत मिळणार नाही. कल्हईचा खर्च त्यापुढे काहीच नाही. बंबाला भोक पडलेलं निघालं आणि झाळून घेणं परवडत नसेल, तर तो एक द्यायला माझी हरकत नाही.

आणि ती अक्षरं. जुन्या भांड्यांवर नाव टोचून घालायची रीत होती. बारीक छिन्नीने एकेक टिंब ठोकून नाव, कधी गावाचं नाव, कधी लग्नाचं साल. भांडं कुणी कुणाला दिलं तेही असतं. म्हणून गळ्याशी चिंचेचा चोथा सुद्धा दाबून घासू नका, टिंबं उथळ असतात, पटकन पुसली जातात. तिथं साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच. कोरडं झालं की अंधाऱ्या खोलीत हंडा आडवा ठेवा आणि मोबाइलची बत्ती समोरून न धरता अगदी बाजूने, तांब्याच्या अंगाला जवळजवळ टेकवून फिरवा. टिंबांच्या सावल्या पडतील. तरीही नाही लागलं तर बारीक रांगोळी बोटाने हलकेच चोळून फुंकर मारा, टिंबांत पांढरं भरून राहतं. हे हंडा लख्ख करायच्या आधी करा, कारण काळ्यावर पांढरं लवकर दिसतं. सासूबाईंना शेजारी बसवा. टोचलेल्या अक्षरांत काना-मात्रा तुटलेल्या असतात, तुम्हाला नुसती टिंबं दिसतील तिथं त्या नाव वाचून दाखवतील.